गाडी समुद्रावर, जीव वस्तीवर : चार दिवस गळ टाकायला जाताना मागची राखण कशी लावायची?

बेळगाव/निपाणी : शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे आंबोली, चोर्ला किंवा फोंडा घाट उतरणाऱ्या ओम्नी आणि ईको गाड्या बघितल्या तर केए-22 आणि केए-23 च्या पाट्या सहज मोजता येतात. टपावर गादीची वळकटी, मागच्या काचेतून दिसणारी गळाची काठी, थर्माकोलचा खोका, पाण्याचे कॅन. लॉजचे भाडे वाचवायचे, गाडीतच झोपायचे, खाडीच्या तोंडावर गळ टाकायचा, सापडेल त्याचे कालवण करायचे, अशी ही सहल. मारुतीने ओम्नी बनवणे 2019 मध्ये बंद केले, तरी आपल्या भागात ती अजून घरटी नाही पण गल्लीला दोन-चार आहेतच. त्यामुळे गाडी ही अडचण राहिलेली नाही.

अडचण मागे राहते. शहरातला माणूस दाराला कुलूप लावून निघतो. ज्याचे दावणीला दोन म्हशी, दोन एकर ऊस आणि रानातच वस्ती आहे, त्याला कुलूप लावून भागत नाही. धार काढायची दिवसातून दोनदा, मोटर चालू करायची लाईट येईल तेव्हा, आणि रात्री कुत्रे भुंकले तर बॅटरी घेऊन उठणारे कोणीतरी पाहिजे. चार दिवसांच्या सहलीची तयारी म्हणून लोक काठी, रीळ आणि शेगडी बघतात. खरी तयारी वस्तीवर कोण बसणार याची असते, आणि ती निघायच्या आदल्या दिवशी होत नाही.

आधी तिथी, मग तारीख

समुद्र घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो. म्हणून शनिवार-रविवार बघून निघण्यापेक्षा घरातले पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर काढलेले बरे. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी तीच. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, रोज साधारण पाऊण-पन्नास मिनिटे पुढे सरकत जाते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बरोबर बसतो. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते, म्हणून मालवण, वेंगुर्ले, गोव्याकडे ती वेळ पाऊण ते एक तास अलीकडे धरावी लागते.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाणी खूप चढते, खूप उतरते, ओढ जोराची असते. अष्टमीच्या आसपास भांग. चढउतार कमी, ओढही कमी. पट्टीचे गळकरी उधाणाचे पाणी पसंत करतात, कारण पाणी हलले की मासा फिरतो. पण घाटावरून गेलेल्या, वर्षातून दोनदा समुद्र बघणाऱ्या माणसाने उधाणाच्या दिवशी कातळावर उभे राहण्यात शहाणपण नाही. त्याच्यासाठी अष्टमी ते दशमी बरी : भरती उजाडताना आणि दिवेलागणीला येते, पाण्याला जोर बेताचा आणि मासा चरायची वेळही तीच.

गंमत अशी, की नेमकी तीच वेळ धारेची. समुद्रावर गळ पाण्यात जातो तेव्हा इकडे वस्तीवर कोणीतरी कासेला हात घालत असते.

आता वर्षातला काळ. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरून हाताने गळ टाकणारा त्या नौकांत मोडत नाही, पण त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि घाटात धुके व दरडी असतात, तेव्हा तो काळ सोडून दिलेलाच चांगला. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो. तरी ऑगस्ट-सप्टेंबरला किनाऱ्याची वाळू पावसाने उलटीपालटी झालेली असते, काल गुडघाभर होते तिथे आज खड्डा असतो.

शेताच्या बाजूने बघितले तर खानापूर, चंदगडला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताची कापणी. त्या दिवसांत रानडुक्कर, गवा आणि आता हत्ती, यांच्यासाठी रात्रीची राखण लागते. अशा वेळी घरचा कर्ता माणूस समुद्रावर गेला तर गावात त्याची चर्चाच होणार. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारीला तंबाखू कापून रानात वाळत पडलेली असते. एक अवकाळी सर आली तर वर्षाचा पैसा पाण्यात. तेव्हा कोणी वस्ती सोडत नाही. ऊसवाल्याचे दुखणे वेगळे : तोड कधी येईल सांगता येत नाही. हालसिद्धनाथ असो की हिरण्यकेशी, टोळी आज येते म्हणून आठ दिवस येत नाही आणि आपण घाट उतरलो की नेमकी हजर होते. म्हणून ऊस गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, किंवा मग गणपती उरकल्यावर दसऱ्याच्या आतबाहेर, या दोनच खिडक्या बहुतेकांना मिळतात. त्यात भांगाचे चार दिवस शोधायचे आणि त्याप्रमाणे राखणदार ठरवायचा. क्रम हा. उलटा केला की फसगत.

म्हशीला माणूस कळतो

राखणीला बसवलेला माणूस कितीही भरवशाचा असला तरी म्हैस त्याला ओळखत नसेल तर ती पान्हा सोडत नाही. गाय त्यामानाने पटकन सरावते. म्हैस रोजचा हात, रोजचा आवाज, एवढेच काय रोजची पेंडीची पाटी ओळखते. दूध कासेत राहिले की पहिल्या दिवशी फक्त लिटर-दीड लिटर कमी भरते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी होते. कासदाह झाला की औषधपाण्याचा खर्च वेगळा आणि एखादा सड कायमचा गेला तर त्या म्हशीची किंमतच पडली.

तेव्हा ज्याला राखणीला बसवायचे त्याला निघण्याआधी निदान तीन-चार दिवस दोन्ही वेळच्या धारेला बोलवावे. पहिल्या दिवशी त्याने नुसते शेजारी उभे राहावे, वैरण टाकावी. दुसऱ्या दिवशी मालकाने पान्हवून द्यावे आणि त्याने धार काढावी. शेवटच्या दिवशी मालकाने गोठ्यात पाऊलच टाकू नये. ज्या घरात बाईमाणूस धार काढते तिथे राखणीलाही ओळखीची बाई बघितली तर जनावर कमी बिथरते, आणि घरच्या मावशी-आत्या त्यासाठी आनंदाने येतात. फक्त येताना त्यांच्या घरच्या धारेचे काय, हा प्रश्न तिकडे उभा राहतो! तुझ्या वेळी मी, माझ्या वेळी तू, अशी भावकीत अदलाबदल ठरली तर उत्तम. पैशाचा व्यवहार होत नाही आणि उपकारही राहत नाहीत.

वैरण अचानक बदलू नये. रोज कडबा आणि ओली वैरण खाणाऱ्या जनावरापुढे राखणदाराने सोपे पडते म्हणून नुसते उसाचे वाडे टाकले की शेण पातळ होते, दूध उतरते. वाड्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातले कॅल्शियमही कमी होते. चार दिवसांची पेंड वेगवेगळ्या पिशव्यांत मोजून ठेवली तर विचारायला फोन येत नाही. जनावर आजारी पडले तर 1962 या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते, कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही. हा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. मोबाईलमध्ये साठवलेला नंबर घाईच्या वेळी सापडत नाही.

मग लाईट. हेस्कॉमची शेतीची थ्री फेज दिवसभर नसते, सात तासांची पाळी असते आणि त्यातली काही रात्री. शिवाय सीमेवरच्या गावांत एकाच घरची वेदगंगेच्या किंवा दूधगंगेच्या दोन बाजूंना रानं असतात : एकीकडे हेस्कॉम, दुसरीकडे महावितरण, दोन्हींच्या वेळा वेगळ्या. हे घरच्याला पाठ असते, राखणदाराला नसते. रात्री अकराला मोटर चालू करायला पाठवलेला नवखा माणूस अंधारात कोणत्या बांधावरून जाईल, स्टार्टरच्या पेटीत हात कसा घालेल, हे आपण निघण्यापूर्वी त्याला दिवसाउजेडी फिरवून दाखवले पाहिजे. फुरसे, घोणस, मण्यार यांच्या भागात गमबूट आणि बॅटरी या चैनीच्या वस्तू नाहीत. शक्य असेल तर जाण्याआधीच पाण्याची पाळी उरकून घ्यावी आणि त्या चार दिवसांत रात्रीचे पाणी ठेवूच नये. चार दिवस पाणी चुकले म्हणून ऊस मरत नाही. माणसाचे तसे नाही.

हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा दोन म्हशींचे दिवसाला 12 लिटर दूध आहे आणि डेअरीत लिटरला 50 रुपये पडतात. चार दिवसांचे 48 लिटर, 2,400 रुपये. नवख्या हाताने चौथाई दूध चोरले गेले तर 600 रुपये तोटा, आणि परतल्यावर जनावर पूर्ववत यायला आणखी चार-सहा दिवस, तेवढेच पुन्हा. राखणदाराला दिवसाचे 500 धरले तर 2,000. गाडीचे जाऊन-येऊन 300 किलोमीटर, लिटरला 15 धरले तर 20 लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या दराने दोन हजारांवर. सापडलेला मासा दोन किलो निघाला तर तो किलोला अडीच हजारांच्या घरात जातो. बेळगावात कॅम्पच्या मासळी बाजारात तो कितीतरी स्वस्त मिळतो. म्हणजे हा धंदा मासळीसाठी नाही, हे आधी मान्य करावे. हौस आहे, हौसेला मोल असते, फक्त ते म्हशीच्या सडाने फेडायची पाळी येऊ नये.

राखण ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही हेही इथे सांगायला हवे. फिरस्तीवर राहून दुसऱ्याच्या रानात मुक्काम करायचा आणि त्या बदल्यात रानाचे भले करायचे, हा व्यवहार धनगर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. सुगीनंतर मोकळ्या रानात बकरी बसवतात. रात्रभर कळप एका तुकड्यात, दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात, असे करत सगळे रान लेंडीखताने भरून निघते. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा रोख देतो, बकऱ्यांच्या शेकड्यावर आणि रात्रींवर हिशेब ठरतो. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचे, आता कित्येक कळपांमागे पिकअप दिसते. कोकरे, भांडी, जाळी आणि म्हातारी माणसे गाडीत. कळप रानात असताना त्या वस्तीवर चोर फिरकत नाही, कारण त्यांची कुत्री रात्रभर जागी असतात. उन्हाळ्याच्या सहलीचे दिवस आणि रानात बकरी बसवायचे दिवस जुळवून घेणारे शेतकरी आहेत. धार त्यांच्यावर सोडता येत नाही, ती भावकीतच बघायची, पण रानाची काळजी मिटते.

अनोळखी माणूस ठेवायचा असेल तर आधारची प्रत आणि फोटो घ्यावा, शेजारच्या दोन वस्त्यांशी त्याची गाठ घालून द्यावी. महाराष्ट्राच्या हद्दीत पोलीस पाटलाला, इकडे पंचायत सदस्याला किंवा बीट पोलिसाला तोंडी का होईना कल्पना द्यावी. दागिने आणि रोकड वस्तीवर ठेवून राखणदाराची परीक्षा बघू नये.

गाडी : झोपायची सोय आणि कायदा

ओम्नी-ईकोच्या मागच्या जागेत दोन माणसे पाय थोडे दुमडून झोपतात. बरेच जण मधली सीट काढून लोखंडी चौकट वेल्ड करून घेतात. ते करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितले आहे. सीट दुमडून वर टाकता आणि काढता येतील अशा फळ्या केल्या तर काम भागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत मित्रांनी पेट्रोल वाटून घेणे वेगळे आणि माणशी भाडे घेऊन सवारी नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात परमिटचा भंग होतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून एसीत झोपण्याचा प्रकार जीवघेणा आहे. धुराड्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. झोपेत गुंगी येते आणि माणूस उठत नाही. गॅसची शेगडी किंवा कोळसा गाडीत पेटवणे याच कारणाने धोक्याचे. दोन काचा चार बोटे खाली, आतून मच्छरदाणीचे कापड, एवढ्यात रात्र निघते.

रस्ते आपल्याला तीन-चार. बेळगावहून चंदगड तालुक्यातून आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ले. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि गोवा. खानापूर, लोंढा, रामनगर करून अनमोडने गोवा किंवा जोयडामार्गे कारवार. निपाणीकरांना देवगड-निपाणी राज्यमार्ग सरळ पडतो : राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव आणि खाली देवगड. दाजीपूरच्या जंगलात रात्री गवे रस्त्यावर येतात, म्हणून हा रस्ता दिवसाचा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्हीकडच्या बस सीमेवर थांबतात. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली तेव्हा इकडच्या पाटीच्या गाडीने तिकडे जावे की नाही, असा प्रश्न घराघरांत होता. असे दिवस मोजकेच असतात. निघण्याआधी बातम्या बघून घेतल्या की झाले.

गोव्याकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. आपल्याकडचे गट टेम्पो ट्रॅव्हलर लावून समुद्रकिनारी चूल मांडतात, आणि नेमके हेच तिथे 2019 पासून कायद्याने बंद आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे, दारू पिणे, बाटल्या फोडणे यासाठी दंड होतो. एकट्याला वेगळा, गटाला मोठा. वाळूवर गाडी घालणे तर सगळीकडेच टाळावे. वाळूत रुतलेली गाडी भरती यायच्या आत निघाली नाही तर काय होते ते दर हंगामात एखाद्याच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत दिसते. नोव्हेंबर ते एप्रिल वायंगणी, तांबळडेग, मोरजी अशा किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात. रात्री हेडलाईट किनाऱ्याकडे मारला की मादी माघारी फिरते.

गळ, कातळ आणि पाणी

गाडी लावायला उत्तम जागा म्हणजे खाडीच्या अलीकडचे एखादे ओळखीचे आवार किंवा धक्क्याजवळची मोकळी जागा, तीही विचारून. देवगड, आचरा, मोचेमाड, तेरेखोल. खाडी समुद्राला मिळते तिथे गोडे-खारे पाणी मिसळते आणि मासा खाण्यासाठी तोंडाशी येतो. कोळंबी किंवा तारलीचा तुकडा आमिषाला पुरतो. वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी, खाडीत शेवटे आणि काळुंदर, कातळाशी तांबोशी आणि गोब्रा. भरती भरत आली की शेवटचा तास आणि उतरायला लागली की पहिला तास, यात जे काय व्हायचे ते होते. मधल्या वेळेत काठी धरून बसणे म्हणजे नुसते ऊन खाणे.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटरचे; त्याच्या गाभ्याच्या भागात मासेमारीवर बंधने आहेत. तिथे काठी काढण्याआधी स्थानिकांना विचारावे.

दोन मासे ओळखता आलेच पाहिजेत. शेंगाळा गळाला लागला तर त्याचे काटे हाताला लागू देऊ नयेत, ठणका रात्रभर जात नाही; लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तरी पहिला उपाय तोच. दुसरा केंड. पोट फुगवणारा हा मासा विषारी असतो आणि शिजवल्याने विष जात नाही. घाटावरच्या माणसाला फुकट मिळालेला मासा टाकवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

पाण्याचा धोका बेळगावला वेगळा सांगायला नको. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात सहलीला गेलेल्या बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले आठ जण बुडाले. एप्रिल महिना, लख्ख ऊन. नदीत, विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात फसतो, कारण विहिरीला ओढ नसते. किनाऱ्याकडे आलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने माघारी जाते. वरून तिथे लाटा कमी दिसतात, म्हणून नवखे तीच जागा सुरक्षित समजून उतरतात. ओढीत सापडले तर किनाऱ्याच्या दिशेने झटू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे. गळ टाकणाऱ्याने तर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नये. कातळावर शेवाळ असलेली काळी, ओली पट्टी दिसली की तिथवर लाट येते असे समजून त्याच्या वर उभे राहावे, पाठ समुद्राकडे करू नये, आणि एकट्याने जाऊ नये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो आदल्या दिवशी बघावा. मदतीला 112, आणि समुद्रात कोणी अडकले असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

ज्याला गळापेक्षा माणसांत राहून मासेमारी बघायची आहे त्याने रापण बघावी. होडीने मोठे जाळे अर्धवर्तुळात टाकून येतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोके माणसे ओढतात. ओढायला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा द्यायची रीत आहे. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांमुळे किनाऱ्याजवळची मासळी घटली अशी रापणकारांची जुनी तक्रार आहे. गोव्यात 1970 च्या दशकात त्यांनी त्यासाठी मोठे आंदोलन केले, आणि पुढे गोव्यात 1980 चा व महाराष्ट्रात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आज एखाद्या सकाळी रापण ओढून वर येते आणि त्यात पाटीभर मासळीही नसते. अशा वेळी आपला वाटा मागत उभे राहू नये, एवढे शेतकऱ्याला सांगावे लागू नये. पडलेल्या भावाचे दुःख त्याला माहीत असते.

तिकडची राखण

व्हॅनने फिरणाऱ्याला मुक्कामाची आणखी एक वाट आहे. सिंधुदुर्गातली कित्येक घरे वर्षातले दहा महिने बंद असतात. मालक मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात येणार. आजूबाजूला पोफळी, नारळ, काजू, पाच-पन्नास आंब्याची कलमे. फेब्रुवारीपासून आंबा उतरेपर्यंत तिथे राखण लागते, वानर आणि माकडांपासून आणि माणसांपासूनही. देवगड-रत्नागिरीच्या मोठ्या बागांत हे काम बऱ्याच ठिकाणी नेपाळहून आलेली माणसे करतात. लहान वाडीवाल्याला हंगामभराचा राखणदार परवडत नाही. ओळखपाळख असेल तर आठवडाभर आवारात गाडी लावायची, विहिरीचे पाणी आणि न्हाणीघर वापरायचे आणि त्या बदल्यात झाडांना पाणी, पडलेले नारळ-काजू गोळा करणे, वानरे हाकणे असा सौदा जमतो. आपल्या शेतकऱ्याला हे काम शिकवावे लागत नाही. चंदगड, आजऱ्याकडची सोयरीक सावंतवाडी, दोडामार्गात असतेच, तिथून ओळख निघते.

सौदा तोंडी असला तरी तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात : पडलेला माल कोणाचा, विजेचे बिल कोणाचे, आणि मध्येच निघावे लागले तर कोणाला कळवायचे. काजूच्या दिवसांत पहिल्या प्रश्नावरून चांगली माणसे दुरावलेली आहेत. आणि तिकडे 'राखणदार' हा शब्द जरा जपून वापरावा. कोकणात आणि गोव्यात राखणदार म्हणजे त्या जागेचे रक्षण करणारा अदृश्य धनी. वर्षातून एकदा त्याला राखण देतात, कोंबडा किंवा नारळ. आपण वाडीत राहायला आलो तर घरमालकाची आई आधी त्याच्यापुढे नारळ ठेवायला सांगते. ठेवावा. वाद घालायला आपण गेलेलो नसतो.

परतीचा दिवस

मासळी आणायची असेल तर सापडल्याबरोबर आतडी काढून, मासळीइतकाच बर्फ घालून खोक्यात भरावी. बांगडा, सुरमई गरम गाडीत चार-पाच तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होते, ते तळून किंवा शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, उलट्या होतात. घरी आणून शेजारपाजाऱ्यांना वाटायचे आणि सगळ्यांनीच दवाखान्यात जायचे, असे नको. खोक्यात मासळीच असावी हेही बघावे. आंबोली आणि कणकुंबीकडच्या नाक्यांवर गोव्याची बाटली शोधायला गाड्या उघडल्या जातात, आणि एका बाटलीपायी सगळी व्हॅन तासभर उभी राहते.

घाट चढायची वेळ संध्याकाळच्या धारेवरून ठरवावी. पाचला धार असेल तर चारच्या आत वस्तीवर पोचायचे, म्हणजे वेंगुर्ल्याहून सकाळीच निघायचे, जेवायला घाटात थांबायचे नाही. आल्याबरोबर गोठ्यात जाऊ नये. अंगाला मासळीचा वास असतो, जनावर मान झटकते. आधी आंघोळ, रोजचे कपडे, मग पेंडीची पाटी हातात घेऊन पुढे व्हावे. ती पहिली धार राखणदाराला शेजारी बसवून काढावी आणि चार दिवसांच्या डेअरीच्या पावत्या त्याच्यासमोरच बघाव्यात. लिटर किती घटले, फॅट किती लागले, ते तिथेच कळते. त्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावेत, आणि खोक्यातला बरा मासा आधी त्याच्या पिशवीत घालावा.